निळू फुले : पडद्यावरचा आणि पडद्याबाहेरचा



या व्यासपीठावर संतांविषयी आणि समाजसुधारकांविषयी आपण आदराने ऐकत असतो. आज मी बोलणार आहे तो एका नटाविषयी, आणि तोही खलनायक म्हणून गाजलेल्या नटाविषयी. निळू फुले हे नाव निघाले की धोतर, टोपी, बेरकी नजर आणि घोगरा, लांबवलेला आवाज आठवतो. नकलाकारांनी तर त्या आवाजावर आपली उपजीविका केली. पण नकलेत माणूस सापडतो का, हा माझा आजचा प्रश्न आहे.

निळूभाऊ मूळचे पुण्याचे. लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत त्यांनी माळीकाम केले. दिवसा हातात खुरपे आणि संध्याकाळी राष्ट्र सेवा दलाचे कलापथक! या कलापथकाने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक समाजवादी विचारांची निष्ठा, आणि दुसरी खेड्यातील माणूस जवळून पाहण्याची संधी. शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचे नाव झाले. १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटात ते झेलेअण्णा झाले, आणि पडद्याचे दार उघडले.

पुढे १९७२ साली रंगभूमीवर तेंडुलकरांचा ‘सखाराम बाइंडर’ आला. टाकलेल्या बायकांना घरात आणून ठेवणारा, उर्मट, तरीही स्वतःच्या नियमांनी वागणारा हा सखाराम. नाटकावर वादळ उठले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अशा भूमिकेत नटाने प्रेक्षकाची सहानुभूती मागितली असती, तर नाटक कोसळले असते. निळूभाऊंनी ती मागितली नाही.

मंडळी, त्यांची दोन कामे शेजारी ठेवून पाहावीत. ‘सामना’तील हिंदुराव धोंडे पाटील साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. तो ओरडत नाही, सुरा काढत नाही. वाट चुकून आलेल्या दारुड्या मास्तराला तो घरी ठेवून घेतो, त्याची बडदास्त ठेवतो. मारुती कांबळेचे काय झाले, एवढेच मास्तर विचारू लागतो, आणि त्या पाहुणचाराखालची जमीन हलू लागते. डॉ. लागूंचा मास्तर जितका अस्वस्थ, तितका निळूभाऊंचा हिंदुराव शांत. सत्ता आदरातिथ्याच्या रूपाने येते तेव्हा ती ओळखणे किती कठीण, हे त्या शांतपणाने दाखविले.

आणि १९७९ सालच्या ‘सिंहासन’मध्ये हाच नट दिगू टिपणीस हा वार्ताहर झाला. त्याच्या हाती सत्ता नाही. सत्तेचा खेळ तो केवळ पाहतो. जे पाहिले त्याचे ओझे अखेर त्याला पेलवत नाही. दिग्दर्शक तेच जब्बार पटेल, लेखणी तीच तेंडुलकरांची, चेहराही तोच. पण एक माणूस सत्तेने माजलेला, दुसरा सत्ता पाहून खचलेला. अष्टपैलुत्व म्हणतात ते हे. ते रंगपेटीतून येत नाही, माणसे वाचल्याने येते. पुढे १९८४ साली हिंदी ‘सारांश’मध्येही ते पुढारी झाले. १९९१ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान त्यांना मिळाला.

खेड्यापाड्यातील बायाबापड्या त्यांना खरोखरच वाईट समजत, त्यांचा राग करीत. नटाला याहून मोठी पावती कोणती? पण पडद्यावर अब्रू लुटणारा हा माणूस प्रत्यक्षात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभा होता. कार्यकर्त्यांचा संसार चालावा म्हणून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ‘लग्नाची बेडी’च्या प्रयोगांत तो विनामूल्य राबत होता.

माझी तक्रार निळूभाऊंविषयी नाही, आपल्याविषयी आहे. आपण त्यांच्या पाटलाला टाळ्या दिल्या, म्हणून निर्मात्यांनी तोच पाटील पुनःपुन्हा त्यांच्या अंगावर चढविला. दिगू टिपणीस मात्र एकदाच भेटला. जो नट दोन्ही करू शकत होता, त्याच्याकडून आपण बहुतेक वेळा एकच मागितले.

१३ जुलै २००९ रोजी निळूभाऊ गेले. हिंदुराव मात्र गेलेला नाही. पुढच्या वेळी तो पडद्यावर दिसला, की हसण्यापूर्वी क्षणभर थांबा. आपल्या गावात त्याला नमस्कार कोण करतो, ते आठवून पाहा. त्यात आपला हात असेल, तर निळूभाऊंचा अभिनय आपल्यापर्यंत पोहोचला असे मी समजेन.