काळ्या मेंदीत मेंदी किती?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. आता केसांच्या कलपावर बोलायचे म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू फुटले, ते मी पाहिले. पण समोर बसलेल्या मंडळींच्या मिशा पाहून सांगते, विषय इथलाच आहे. पोळ्याच्या आधी, लग्नसराईत गावच्या न्हाव्याकडे एक वाटी आणि एक जुना टूथब्रश दिवसभर फिरत असतो. मुलीला पाहायला पाहुणे येणार म्हटले की बाप कलप लावतो, आईही लावते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. शहरातल्या साहेबाने केस काळे केले तर त्याला कोणी उधळ्या म्हणत नाही, मग आपल्यालाच उपदेश कशाला? लावायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पुडीत काय आहे, एवढे मात्र कळले पाहिजे.

पाण्यात कालवा, लावा आणि बघता बघता केस काळे, अशी जी पूड दुकानात मिळते तिच्यात बहुधा पॅराफेनिलीनडायअमाईन हे रसायन असते. नाव लांबलचक आहे, पीपीडी म्हणू. त्याचा कण बारीक असतो. तो केसाच्या आत शिरतो, तिथे हवेतल्या किंवा पुडीतल्या प्राणवायूने त्याचा मोठा काळा कण होतो आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. म्हणून रंग पक्का. पण जे केसात शिरते ते कातडीतही शिरते. कित्येकांना काही होत नाही. कोणाला दहा वर्षे काही होत नाही आणि अकराव्या वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडत नाहीत, इतक्या पापण्या सुजतात, कानामागून पाणी वाहते. एकदा अंगाने हे रसायन नाकारले की बहुधा ते जन्मभर नाकारते. मग थोडेसेही चालत नाही. युरोपात केसांना लावायच्या मिश्रणात पीपीडी दोन टक्क्यांच्या वर चालत नाही. आपल्याकडे पुडीचे पाणी किती आणि पूड किती, हे न्हावी अंदाजाने ठरवतो.

आणखी एक गोष्ट, ती हसण्यावारी नेऊ नका. ही पूड पोटात गेली तर गळा सुजून श्वास कोंडतो, पुढे मूत्रपिंडे निकामी होतात. तिच्यावर उतारा नाही. पुडी लेकरांच्या हाताला लागेल अशी कोनाड्यात ठेवू नका. कोणाच्या पोटात गेलीच तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

कायद्याने या पुडीवर सूचना छापावी लागते, आपल्या भाषेतही : आधी कानामागे किंवा कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून चोवीस तास पाहा, भुवयांना आणि पापण्यांना लावू नका, डोळे जाऊ शकतात. ही सूचना किती जणांनी वाचली आहे? हात वर करा. नाहीच. अक्षर मुंगीएवढे असते. कीटकनाशकाच्या डब्यावरही असेच असते, आणि 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे बसली ते तुम्हाला माहीत आहे.

हे कळल्यावर लोक म्हणतात, आम्ही काळी मेंदी लावतो. बायांनो, मेंदी काळी नसते. मेंदीच्या पानाचा रंग तांबडा. डोके तासाभरात काळेभोर करणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुतेक वेळा तेच पीपीडी असते, मेंदी नावाला. ‘हर्बल’ लिहिले, हिरवे पान छापले, ‘अमोनिया नाही’ म्हटले, म्हणून पीपीडी नाही असे होत नाही. पाकिटामागची घटकांची यादी शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या.

मग वनस्पतीचा रंग काळा होतच नाही का? होतो, पण दोन पानांनी. मेंदी आणि नीळ. नीळ म्हणजे धोतराला देतो ती नव्हे. निळीच्या झाडाच्या पानांची पूड. आधी मेंदी सात-आठ तास भिजवून केसांना दोन-तीन तास ठेवायची. धुतल्यावर केस तांबडे. मग निळीची पूड कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावायची, ती रात्रभर भिजवायची नाही. लिंबू-दहीही घालायचे नाही. तास-दीड तास ठेवून नुसत्या पाण्याने धुवायची. पहिल्या दिवशी केस हिरवट दिसतील, घाबरू नका, दोन दिवसांत काळपट होतात. माक्याचे तेल डोक्याला चांगले असेल, पण पांढरा केस त्याने काळा होत नाही.

पान आहे म्हणून डोळे मिटूनही लावू नका. बिब्बाही झाडाचाच, आणि तो अंगावर उतला तर काय होते ते सांगायला नको. कानामागची परीक्षा इथेही करा. तान्ह्या बाळाला मेंदी लावूच नका. काही बाळांचे रक्त त्याने फुटते.

अडचण वेळेची आहे. कापूस वेचून आलेल्या बाईला पाच तास डोक्याला फडके बांधून बसायला सवड कुठे? म्हणूनच ती पाच मिनिटांची पुडी खपते. दोन दिवसांत विभागून करा, एका संध्याकाळी मेंदी, दुसऱ्या संध्याकाळी नीळ. तेवढी वाट पाहता येत नसेल तर तांबडा केस काही वाईट दिसत नाही.

आता कोणी म्हणेल, शहरात या पानांना मागणी आहे, मग कपाशी मोडून मेंदी लावा. मी असे सांगणार नाही. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यात सोजतला मेंदी आपल्यापेक्षा कमी पावसावर होते, एकदा लावली की वर्षानुवर्षे छाटायची. 2021 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तिथे बाजार आहे, दळणाच्या गिरण्या आहेत. आपल्याकडे पान काढून ते विकायचे कोणाला? निळीची कथा तर आठवणीत ठेवण्यासारखी. चंपारणमध्ये वीस कठ्ठ्यांतल्या तीन कठ्ठ्यांत नीळ लावायची सक्ती होती. 1897 साली जर्मन कारखान्यातली नीळ बाजारात आली, धंदा बसला, आणि मळेवाल्यांनी तोटा कुळांवर ढकलला : निळीतून सुटका हवी तर खंड वाढवून द्या. 1917 साली गांधी तिथे गेले, 1918 साली कायद्याने सक्ती गेली. पीक बदलून कुळाचे भले झाले नाही, सक्ती गेली तेव्हा झाले. तेव्हा खरेदीदार, भाव आणि वजन कागदावर आल्याशिवाय एकरभरसुद्धा लावू नका.

घरापुरती मात्र बांधावर चार झाडे जरूर लावा. कुंपणाच्या कोणत्याही झुडपाला लोक मेंदी म्हणतात. पान चुरगळून ओले करून तळहातावर तासभर धरा, हात रंगला तर खरी. पाने सावलीत वाळवा. आणि गावच्या चक्कीवर दळायला नेऊ नका, मागून येणाऱ्याच्या ज्वारीचे पीठ हिरवे निघेल. जात्यावर दळा, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळा, डब्याला घट्ट झाकण लावा.