गोळी येते, पण उशिरा

नवजात बाळाच्या कमरेवर मऊ, पाणीदार गाठ दिसली की घरच्यांचं सगळं लक्ष त्या गाठीकडे लागतं. डॉक्टर मात्र टेप काढून बाळाच्या डोक्याचा घेर मोजतात. कारण खाली, त्या गाठीपाशी मणका उघडा राहिला की त्याचा फटका वर, कवटीच्या तळाशी बसतो. लहान मेंदूचा खालचा भाग मानेच्या कण्यात उतरतो, मेंदूतल्या पाण्याची वाट अडते आणि डोकं फुगत जातं. ‘डोक्यात पाणी झालं’ म्हणतात ते हेच. प्रागमधले विकृतिशास्त्रज्ञ हान्स किआरी यांनी १८९१ मध्ये अशा विकृतींचं वर्णन केलं. हा त्यातला दुसरा प्रकार.

सोनोग्राफीत पाचव्या महिन्यात ही विकृती ओळखता येते. लहान मेंदू केळ्यासारखा वाकलेला दिसतो, आणि डॉक्टर त्या खुणेला केळ्याचंच नाव देतात.

पण खरी वेळ त्याच्या कितीतरी आधी निघून गेलेली असते. ज्या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी जेमतेम दोन आठवडे लांबलेली असते. रिसोड किंवा मानोऱ्याच्या एखाद्या गावात सून ‘दिवस राहिलेत’ हे सासूला सांगेल, आशाताई नोंदणी करेल, फॉलिक ॲसिडची गोळी हातात पडेल, तोवर नळी मिटलेली असते किंवा उघडीच राहिलेली असते.

ही गोळी काय करू शकते, हे १९९१ सालीच कळलं. ज्यांचं आधीचं बाळ उघड्या नळीचा हा दोष घेऊन जन्मलं होतं, अशा स्त्रियांवर ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषदेने सात देशांत चाचणी घेतली. गर्भधारणेआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्यावर हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं.

आपल्याकडे शाळकरी मुलींना आठवड्याला निळी गोळी मिळते. चांगलीच गोष्ट, पण ती रक्त वाढवण्यासाठी. तिच्यात फॉलिक ॲसिड असतं ५०० मायक्रोग्रॅम, आणि हा दोष टाळायला साप्ताहिक गोळीत २८०० हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आहारातूनही ते मिळावं म्हणून हरभऱ्याची भाजी, तुरीचं वरण खावंच. त्यावर विसंबून मात्र राहू नये.

जन्मानंतरची सोय आता बरी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला आणि त्याच्या यादीत हाच दोष पहिला आहे. कारंज्याहून समृद्धी महामार्गाने नागपूरही जवळ आलं. तिथे पाठ शिवता येते, डोक्यातलं पाणी नळीने पोटात उतरवता येतं. पायांतलं गेलेलं बळ मात्र बहुधा परत येत नाही.

आशाताईकडे जननक्षम जोडप्यांची नोंदवही असतेच. तुळशीचं लग्न उरकलं की गावोगाव लग्नं लागतात आणि वहीत नवी नावं चढतात. रोजच्या ४०० मायक्रोग्रॅमच्या गोळीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. आधीचं बाळ असं जन्मलेल्या आईला तर त्याच्या दहापट मात्रा लागते. तीही डॉक्टरांना विचारून, दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून.