मेळघाटचा वणवा आणि आपल्या जुन्या साड्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्यातली एखादी कुठे जाऊन आली, की वर्धापनदिनाला तिने तिथली हकीकत सांगायची, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. पंढरपूर झाले, काशी झाली. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी सातवी शिकलेली बाई. मोठे बोलणे मला साधणार नाही. पाहिले तेवढे सांगते आणि शेवटी एक मागणे मागते. खरे म्हणजे त्या मागण्यासाठीच उभी राहिले आहे.

जूनच्या अखेरीस आम्ही परतवाड्याला नणंदबाईंकडे गेलो होतो. पहिले दोन-तीन पाऊस होऊन गेले होते. तिथून चिखलदऱ्याला जायचे ठरले. नणंदबाईंचा मुलगा बरोबर आला. तो तीन उन्हाळे जंगलात अंगारी म्हणून राबतो आहे. वणवा लागू नये म्हणून पहारा करणाऱ्याला आणि लागला तर विझवणाऱ्याला तिकडे अंगारी म्हणतात.

चिखलदरा तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले असेल. गाविलगडच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचावर वसलेले थंड हवेचे गाव. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकले, म्हणून कीचकदरा आणि त्याचे चिखलदरा झाले, अशी कथा सांगतात. आपल्या विदर्भात कॉफीची झाडे पाहायची तर तिथेच. गावाच्या पलीकडे पसरलेले मेळघाटचे रान. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत मेळघाट एक. गुगामल राष्ट्रीय उद्यान त्याच रानात आहे.

घाट चढू लागलो तेव्हा गाडीतल्या सगळ्या बाया म्हणाल्या, "किती हिरवेगार झाले हो!" आणि होतेच तसे. वणव्याने जळालेल्या उतारावर बोटभर कोवळे गवत उगवले होते. पण सागाची खोडे कमरेपर्यंत काळी होती आणि बांबूची बेटे जळून नुसते खुंट उरले होते. एका वळणावर भाच्याने आम्हाला उतरवले आणि म्हणाला, "मामी, हे गवत आहे. यात झाडाचे एक रोप दाखवा." आम्ही चौघीजणी वाकून वाकून पाहू लागलो. सागाचे नाही, ऐनाचे नाही, मोहाचे नाही. पुष्कळ वेळाने सागाचा एक फुटवा सापडला, तोही जुन्या मुळाचा.

तेव्हा उमगले. मोठ्या झाडाची साल जाड असते. जमिनीवरून पळणारी आग त्याला चटका देऊन पुढे जाते. पण वीतभर रोप, जमिनीवर पडलेले बी, गवतात घातलेली पाखरांची अंडी यांतले काही वाचत नाही. घरात म्हातारी माणसे धडधाकट आहेत, पण पाळणा रिकामा आहे, तशी त्या रानाची गत. एक वर्ष असे झाले तर रान सावरते. दर उन्हाळ्याला झाले तर आजची झाडे म्हातारी होतील तेव्हा त्यांच्या जागी उभे राहायला कोण असेल?

आता आग लागते कशी ते ऐका. कॅनडा देशात जॅस्पर नावाचे असेच डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानातले गाव आहे. २०२४ च्या जुलैमध्ये तिथे वणवा आला. गावातली आणि उद्यानातली मिळून सुमारे पंचवीस हजार माणसे आधीच बाहेर काढली म्हणून वाचली. पण गावातल्या १,११३ इमारतींपैकी ३५८ जळाल्या. तिथली आग आकाशातल्या विजेने लागली होती. आपल्याकडे बहुतेक आगी माणसाच्या हाताने लागतात. कोणी जळती बिडी टाकतो. कोणी गुरांना कोवळे गवत मिळावे म्हणून जुने पेटवतो. कोणी तेंदूला चांगली पाने फुटतील म्हणून पेटवतो. आणि पुष्कळ आगी लागतात मोहफुलांपायी.

चिखलदऱ्याच्या खालच्या एका पाड्यावर एका कोरकू बाईंच्या अंगणात आम्ही पाणी प्यायला थांबलो. वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी काही आडपडदा न ठेवता सांगितले. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाचे फूल गळते. झाडाखाली वाळल्या पाल्याचा थर असतो. फूल त्या पाल्यात दडते, आणि विंचूकाटाही तिथेच दडतो. म्हणून पाला पेटवून जागा साफ करायची. झाडाखालचा जाळ नीट विझला नाही आणि वारा सुटला, की तो डोंगर चढतो. मी म्हटले, "बाई, जाळू नये म्हणून कायदा आहे ना?" त्या म्हणाल्या, "कायदा आहे. पण न जाळता फूल वेचायला दिवस जातो. तो मजुरीचा दिवस बुडाला तर तेलमीठ कोण देईल?"

यावर मी काय बोलणार? आपणही सकाळी अंगणातला पाला लोटून काडी लावतोच. आपल्या अंगणाला भिंत आहे, त्यांच्या अंगणाला डोंगर आहे, एवढाच फरक.

मग त्यांनी मला एक गोष्ट दाखवली. घराजवळच्या मोहाखाली त्यांनी दोन जुनी लुगडी जोडून अंथरली होती. फुले लुगड्यावर पडली, सकाळी चार कोपरे धरून उचलली. माती नाही, वेचणे नाही, जाळणे तर नाहीच. मी विचारले, "मग सगळ्या झाडांखाली का नाही?" त्या हसल्या. "झाडे सहा, लुगडी दोन!"

बायांनो, हे वाक्य मी तिथून गाठीला बांधून आणले आहे.

तुम्ही म्हणाल, मेळघाट कुठे आणि बार्शीटाकळी कुठे. पण वणव्याने उघडी पडलेली माती पहिल्या जोराच्या पावसात नाल्यात जाते आणि तिथून धरणात जाऊन बसते. वान आणि शहानूर ही धरणे त्याच डोंगरांच्या पाण्यावर भरतात. आपल्या ज्या लेकी अकोट, तेल्हारा, दर्यापूरकडे खारपाणपट्ट्यात दिल्या आहेत, त्यांच्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. त्यांच्या माठात येते ते या धरणांचेच गोड पाणी. आणि आपल्याच तालुक्यात महानला काटेपूर्णेचे धरण आहे. त्याच्या काठचे रान १९८८ पासून अभयारण्य आहे. उन्हाळ्यात तेही असेच वाळते, आणि काडी कुठलेच रान ओळखत नाही.

सरकार काही करत नाही असे मी म्हणणार नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून अंगारी पहारा करतात, जाळरेषा काढतात, उपग्रहावरून आगीची खबर फोनवर येते. पण खबर आली तरी डोंगर पायीच चढावा लागतो. आमच्या भाच्याच्या तळपायाचे फोड नणंदबाईंनी तूप लावून बरे केले आहेत. रात्री खालून पाहिले तर वणवा दिव्यांच्या माळेसारखा सुंदर दिसतो, पण ज्या आईचा मुलगा त्या माळेत आहे तिला झोप येत नाही.

आणि लोकांनी मनावर घेतले तर काय होते तेही तिकडेच पाहावे. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने उजाड टेकडी स्वतःची म्हणून राखली, आगीपासून जपली. आज तिथली सीताफळे मुंबईपर्यंत जातात. २०१४ साली त्या गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला.

तर माझे मागणे असे. सुती लुगड्याची आपण गोधडी करतो, ते ठेवा. पण नायलॉनच्या, जॉर्जेटच्या ज्या साड्यांची गोधडी होत नाही, पायपुसणेही होत नाही, त्या प्रत्येकीच्या पेटीत चार-पाच आहेतच. त्या हलक्या असतात, दवाने भिजल्या तरी लगेच वाळतात. चार साड्या लांबीने जोडल्या की एक मोठे अंथरूण होते, आणि अशी दोन असली की मध्यम मोहाला पुरतात. शिवण सरळ आहे, शिवणवर्गातल्या मुलींनाही जमेल. दोरीसाठी कोपऱ्याला नाड्या लावायच्या. हंगाम संपला की घडी करून घरी ठेवायची, रानात टाकून द्यायची नाही, हेही देताना सांगायचे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येताना प्रत्येकीने धुतलेल्या चार साड्या आणाव्या. पौष-माघात शिवून होतील आणि फूल गळायच्या आत आमचा भाचा त्या पाड्यावर पोचवील. पहिल्या वर्षी एका पाड्याची झाडे झाली तरी पुष्कळ झाले. ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी आज जाताना माझ्याकडे नाव द्यावे. माझे मशीन आणि माझ्या सहा साड्या मी आत्ताच लिहून देते.