रामशेजची सहल

किल्ल्याची सहल म्हटली कीं शाळकरी मुलांच्या डोळ्यांपुढें रायगड, नाहींतर प्रतापगड उभा राहतो. नाशिकच्या एका शाळेंतील आठवीच्या मुलामुलींचें असेंच झालें. हिवाळ्यांतल्या एका शनिवारीं सकाळीं सात वाजतां भाड्यानें ठरविलेली एस. टी. ची मोटार शाळेच्या फाटकापाशीं उभी राहिली. डबे, पाण्याच्या बाटल्या आणि अखंड कलकलाट यांसह चाळीस मुलें तींत चढलीं. आणि गाण्याच्या भेंड्या रंगूं लागतात न लागतात तोंच, पेठच्या रस्त्यानें अवघें चौदा-पंधरा किलोमीटर अंतर तोडून, मोटार आशेवाडी गांवापाशीं थांबलीसुद्धां. समोर एक बुटका, उघडाबोडका डोंगर. "बाई, हाच किल्ला?" असें एका मुलानें विचारलें. आपली निराशा लपविण्याचा त्यानें मुळींच प्रयत्न केला नाहीं.

ही निराशा अगदींच अस्थानीं होती असें म्हणवत नाहीं. समुद्रसपाटीपासून रामशेजची उंची सुमारें सव्वातीन हजार फूट भरते खरी; परंतु भोंवतालचें पठारच मुळीं दोन हजार फुटांच्या आसपास असल्यामुळें पायथ्याशीं उभें राहून पाहणाराला तो लहानच भासतो. ना रायगडासारख्या दऱ्या, ना कोंकणांतल्यासारखें गर्द रान. बेताबेतानें चढणारा वृद्ध मनुष्यहि तासाभरांत माथा गांठतो. ह्या डोंगरानें दिल्लीच्या बादशहाची फौज पांच वर्षांहून अधिक काळ खोळंबून ठेवली होती, हें बाईंनीं मोटारींत मुद्दामच सांगितलें नव्हतें. आधीं डोंगर डोळ्यांनीं पाहावा आणि मग त्याची हकीकत कानांनीं ऐकावी, असा त्यांचा क्रम होता. पुष्कळ शिक्षक नेमका याच्या उलट क्रम धरतात, आणि मग मुलांना डोंगर दिसतच नाहीं.

पायऱ्यांची वाट संपतां संपतां एका गुहेंत रामाचें मंदिर लागतें. वनवासांत श्रीरामचंद्र येथें निजत असत, म्हणून ही रामाची शेज, अशी लोककथा आहे. जवळच खडकांत खोदलेलें पाण्याचें टाकें आहे. तेथें सावलींत मुलांना बसवून बाईंनीं गोष्टीस आरंभ केला.

औरंगजेब १६८१ च्या नोव्हेंबरांत बऱ्हाणपुरास पोंचला आणि पुढच्या वर्षीं औरंगाबादेस आला. त्याचा बंडखोर मुलगा अकबर छत्रपति संभाजी महाराजांच्या आश्रयास गेला होता. त्याला पकडावें आणि त्याबरोबरच मराठ्यांचें राज्यहि बुडवावें, असा बादशहाचा दुहेरी हेतु होता. पहिला घांस म्हणून रामशेजकडे शहाबुद्दीनखानाची रवानगी झाली. पुढें हैदराबादचें राज्य स्थापणारा पहिला निजामुल्मुल्क, त्याचा हा पिता. म्हणजे असामी कांहीं सामान्य नव्हे. त्यानें मोर्चे बांधले, सुरुंग खणले, आणि किल्ल्यांत तोफा डागतां याव्या म्हणून लांकडांचा एक उंच दमदमा रचला. महाराजांनींहि रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना किल्ल्याच्या मदतीस धाडलें.

वर मात्र लोखंडी तोफा नव्हत्या. तेव्हां गडकऱ्यांनीं झाडांचीं खोडें पोखरलीं, तीं कातड्यानें मढविलीं, आणि त्यांतून मारा सुरू केला. अशी एकेक तोफ दहा तोफांचें काम करी, असें खाफीखानानें लिहून ठेवलें आहे. आणि खाफीखान हा मोगलांचा इतिहासकार. लांकूड फुटत कसें नव्हतें, हा प्रश्न मुलांना पडला. त्याचें उत्तर बाईंच्या आधीं मागच्या रांगेंतून आलें. गणपतींत ढोल वाजविणाऱ्या पथकांतला एक मुलगा म्हणाला, "बाई, ओलें कातडें वाळतांना आवळतें. ढोलाचें पान तसेंच ताणलें जातें." नाशिकच्या ढोलाचा इतिहासाच्या तासाला असा उपयोग होईल असें कोणास वाटलें असतें?

शहाबुद्दीनखान थकला, तेव्हां बहादूरखान कोकलताश आला. त्यानें एका बाजूस हल्ल्याचा मोठा गलका करविला आणि दुसऱ्या बाजूनें निवडक माणसें दोरांवरून गुपचूप चढविलीं. गडकऱ्यांनीं तो कावा ओळखला. गलक्याला गलक्यानें उत्तर देत असतांनाच दुसरीकडे ते कड्याच्या तोंडाशीं निमूट दबा धरून बसले, आणि डोकें वर येईल त्याला त्यांनीं खालीं लोटलें. मग खानानें एका मांत्रिकास हातीं धरलें. त्यानें शंभर तोळे सोन्याचा नाग करून घेतला, तो हातांत धरला आणि फौजेच्या पुढें चालूं लागला. तो तटाच्या टप्प्यांत येतांच गोफणीचा एक गुंडा त्याच्या छातीवर बसला. नाग एकीकडे आणि मांत्रिक दुसरीकडे! मुलें इतकीं हंसलीं कीं मंदिरांतलीं कबुतरें उडालीं. अखेर खानानें तो लांकडी दमदमा जाळून टाकला आणि मुक्काम हलविला.

"मग किल्ला कधींच पडला नाहीं?" एका मुलीनें विचारलें.

"१६८७ मध्यें गेला," बाई म्हणाल्या, "लाच देऊन घेतला."

हंसणें थांबलें. "मग पांच वर्षें लढून काय मिळालें?" ह्या तिच्या पुढच्या प्रश्नाला बाईंनीं लगेच उत्तर दिलें नाहीं. "आधीं वर चला," इतकेंच त्या म्हणाल्या.

वर दगडांत कोरलेला दरवाजा आहे. जमिनींत दडलेली एक चोरवाट आहे, ती पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीं. माथ्यावर पाण्याचीं टाकींमागून टाकीं आहेत. तीं मोजण्याचें काम बाईंनीं मुलांकडे दिलें. टाकीं मोजतां मोजतां, तोफा नसलेल्या गडावर माणसें कशाच्या बळावर राहिलीं, याचें अर्धें उत्तर मुलांना आपोआपच सांपडलें. उरलेलें अर्धें उत्तर बाईंनीं पठाराच्या कडेशीं उभें राहून दिलें. तेथून शेजारचा देहेरगड, चांभारलेण्यांचा डोंगर आणि दूर नाशिक शहर दिसतें. "ह्या सगळ्या मैदानांत बादशहाची छावणी पडली होती," त्या म्हणाल्या. "तिच्यांतलीं माणसें, घोडे, तोफा, दारूगोळा आणि दाणावैरण, एवढें सगळें ह्या बुटक्या डोंगरापायीं इथें अडकून पडलें. इथें अडकलें, तेवढें दुसऱ्या किल्ल्यावर चालून गेलें नाहीं."

दरवाज्याच्या आसपासच्या दगडांवर, पाहावें तिकडे नांवें होतीं. कोणीं चुन्यानें लिहिलेलीं, कोणीं खिळ्यानें कोरलेलीं, कांहीं बदामाच्या आकृतींत जोडीजोडीनें बसविलेलीं. सकाळीं "हाच किल्ला?" म्हणून विचारणारा मुलगा तीं वाचीत वाचीत मागें राहिला होता.

"बाई, त्या किल्लेदाराचें नांव काय?" त्यानें विचारलें.

"खाफीखान तें देत नाहीं. किल्लेदार अनुभवी आणि सावध होता, एवढेंच तो सांगतो. पुढच्या पुस्तकांतून निरनिराळीं नांवें येतात."

मुलानें खिशांतला हात बाहेर काढला नाहीं. खिशांत खडू होता, हें बाईंना ठाऊक होतें. वर्गांतला खडू सकाळीं नाहींसा झाला होता.

उतरतांना बाईंनीं राहिलेली हकीकत थोडक्यांत सांगितली. १८१८ च्या एप्रिलांत इंग्रजांनीं त्र्यंबकचा किल्ला घेतला, आणि त्यापाठोपाठ आसपासचे सतरा किल्ले त्यांच्या स्वाधीन झाले. त्यांत रामशेजहि होता. ती हकीकत ऐकण्याच्या मनःस्थितींत फारसें कोणी नव्हतें. पोटांत कावळे ओरडत होते.

आशेवाडीला मोटारीच्या सावलींत ड्रायव्हर आडवा झाला होता. तो डोळे चोळीत उठला आणि म्हणाला, "झाला का किल्ला बघून? एवढासा तर आहे!"

"काका, तुम्हांला सोन्याच्या नागाची गोष्ट ठाऊक आहे का?" तोच मुलगा म्हणाला, आणि पेठनाका येईपर्यंत तो ड्रायव्हरच्या मागच्या बाकावरून हलला नाहीं.