मुलाच्या हातात कोणते पुस्तक द्यावे?

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



मी काही साहित्यिक नाही. माझे आयुष्य गिरणीत साच्यावर गेले. शाळा लवकर सुटली. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, रेल्वेत आणि रात्री दिव्याखाली. पण गेली पंचवीस-सव्वीस वर्षे सुट्टीच्या दिवशी, जयंतीला, बुद्ध पौर्णिमेला आणि ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर चादर अंथरून मी मुलांची पुस्तके विकत आलो आहे. म्हणून कार्यकर्ते म्हणाले, "काका, मुलांना काय वाचायला द्यावे, यावर दोन शब्द बोला." त्याप्रमाणे उभा आहे.

६ डिसेंबरला आपली माणसे कुठून कुठून येतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. रात्रभर प्रवास करतात, रांगेत उभी राहतात आणि परत जाताना पिशवीत पुस्तक घेऊन जातात. दुसऱ्या कुठल्या गर्दीत एवढी पुस्तके विकली जातात, ते मला दाखवा. याचा मला अभिमान आहे. पण एक गोष्ट मी चादरीवर बसून वर्षानुवर्षे बघत आलो, ती आज बोलतो. बाप पुस्तक घेतो, आई फोटो घेते. बोट धरून आलेल्या आठ वर्षांच्या पोराला मात्र फुगा मिळतो.

कोणी विचारतो, "मुलासाठी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' द्या." मी म्हणतो, "दादा, तो ग्रंथ तुम्ही घ्या, तुम्ही वाचा. पोरासाठी हे सोळा पानांचे चित्रांचे घ्या." मग तो पाने उलटून बघतो आणि म्हणतो, "यात बाबासाहेब कुठे आहेत?"

बंधू-भगिनींनो, त्या बापाचे चुकते असे मी म्हणत नाही. आपल्या वस्तीतले घर, आपली भाषा, आपली माणसे गोष्टींच्या पुस्तकात आपल्याला फार उशिरा दिसली. म्हणून त्याला वाटते, पैसे खर्च करायचे तर आपल्याच पुस्तकावर करावेत. पण तो जाडजूड ग्रंथ घरी गेल्यावर कुठे राहतो? शोकेसमध्ये, काचेच्या आत. पोराने हात लावला तर आई ओरडते, "ठेव ते, फाटेल." आपण देव्हारा सोडला. मग पुस्तकांचा देव्हारा कशाला करायचा? मुलाला जे आज उघडता येईल, आज समजेल, ते पुस्तक आज द्या. मोठे ग्रंथ तो पुढे आपणहून मागेल.

याला पुरावा आपल्याच इतिहासात आहे. शाळकरी भीमराव परीक्षा पास झाला म्हणून आपल्या लोकांनी सत्कार ठेवला. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. पुस्तक मराठीत होते, शाळेतल्या मुलाला वाचता येईल असे होते. पुढे १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत या भेटीची आठवण लिहून ठेवली. म्हणजे बघा, सुरुवात एका बक्षिसाच्या पुस्तकाने झाली.

दुसरा दाखला धर्मानंद कोसंबींचा. गोव्यातल्या साखवाळ गावचा हा तरुण. बुद्धाची ओळख त्याला कोणत्या मोठ्या ग्रंथातून झाली नाही. 'बालबोध' या मुलांच्या मासिकातल्या छोट्याशा चरित्राने झाली. पुढे तो घर सोडून पुणे, काशी, नेपाळ आणि थेट सिलोनपर्यंत गेला, पाली शिकला, आणि त्याने मराठी माणसाला 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ दिला. तेव्हा मुलांच्या मासिकाला कोणी कमी लेखू नये.

आता माझ्या चादरीवरची आवडती पुस्तके सांगतो. आयांनी लिहून घ्यावीत.

अगदी लहान, नुकती अक्षरे लावणारी मुले असतील तर माधुरी पुरंदरे यांची पुस्तके घ्या. 'राधाचं घर' आहे, यशच्या गोष्टी आहेत. त्यात उपदेश नाही. घरातली माणसे, शेजार, रुसवे, खाणेपिणे आहे. मूल चित्रात बोट घालून बोलायला लागते, आणि बोलायला लागले की वाचायला लागते.

आठ-दहा वर्षांच्या मुलांना भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' द्या. फुरसुंगीचा बनेश फेणे हाडकुळा आहे, पण सायकलवर सुसाट आणि डोक्याने तल्लख. जो पोरगा पुस्तक बघून पळतो, त्याला मी हेच देतो. शिवाय 'किशोर' मासिक आहे. बालभारती ते १९७१ पासून काढते. एक अंक घरात आला की भावंडांत भांडण लागते, आणि असले भांडण लागलेले चांगले.

त्याच्या पुढचे 'तोत्तोचान'. जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांचे हे पुस्तक १९८१ साली आले. मराठीत नॅशनल बुक ट्रस्टने काढले आहे, चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते मराठीत आणले. शाळेतून काढून टाकलेल्या मुलीला रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा मिळते. आपली मुले लोकलच्या गर्दीत वाढलेली, त्यांना डब्यातल्या शाळेची फार गंमत वाटते. मुलगी खोडकर आहे म्हणून तक्रार करणाऱ्या आईबापांनीही ते वाचावे.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांना बाबासाहेबांच्या स्वतःच्या आठवणी द्या, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यात १९०१ सालचा प्रवास आहे. वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरतात, कोणी न्यायला आलेले नसते. बैलगाडी मिळते ती दुप्पट भाड्याने, आणि वाटेत पाणी मिळत नाही. डबा जवळ आहे, पण पाण्यावाचून घास उतरत नाही. हे वाचणारे मूल त्या वेळच्या भीमरावापेक्षा थोडेच मोठे असते. शंभर भाषणांनी जे कळणार नाही ते त्याला त्या तहानेतून कळते. मुलींना मुक्ता साळवेचा निबंध वाचायला द्या. सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिले आणि ते १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आले. लेखक म्हणजे कोणी तरी मोठा माणूस, ही समजूत तिथेच गळून पडते.

दहावीच्या पुढच्यांना अण्णाभाऊंची 'फकिरा' द्या, १९५९ सालची कादंबरी. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला, मुंबईच्या गिरणीत राबलेला माणूस हे लिहितो. कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे.

आणि जातककथा विसरू नका. दुर्गा भागवतांनी 'सिद्धार्थ जातक' या नावाने त्या मराठीत आणल्या. ते खंड मोठे आहेत, म्हणून आईबापांनी आधी वाचावे आणि मुलांना तोंडी सांगावे. त्यात सुप्पारक नावाच्या आंधळ्या नावाड्याची गोष्ट आहे. डोळे गेले तरी केवळ जाणतेपणावर तो सातशे प्रवाशांचे जहाज भयंकर समुद्रांतून सुखरूप आणतो. हा नावाडी भरुकच्छचा, पण नाव बघा, सुप्पारक! आपल्या सोपाऱ्याचे पाली नाव तेच. रात्री गोष्ट सांगा आणि रविवारी मुलाला नालासोपाऱ्याच्या स्तूपावर न्या. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला तेव्हा आत करंडक आणि बुद्धमूर्ती मिळाल्या, हे तिथे उभे राहून सांगा. पोरगा म्हणेल, "पप्पा, हे सगळं आपल्या इथे?" मग त्याला आणखी पुस्तक हवे असेल.

कोणी म्हणतील, हल्लीची पोरे मोबाईल सोडत नाहीत. अहो, आपण तरी कुठे सोडतो? रोज रात्री पंधरा मिनिटे आईने किंवा बापाने मोठ्याने वाचावे. वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्यावे, आजीने ऐकावे. ऐकणारे माणूस असले की पोर वाचते. पैशाची अडचणही खरी आहे. महिन्याचे भाडे, लाईट बिल आणि क्लासची फी भरून हातात काय उरते, ते मला सांगायला नको. पण वाढदिवसाच्या केकच्या पैशात दोन-तीन छोटी पुस्तके सहज येतात.

शेवटी विहाराच्या कमिटीला एक विनंती. आपल्याकडे पुस्तकांचे कपाट आहे, त्याला कुलूप आहे. त्यातला खालचा एक खण मुलांसाठी मोकळा करा. कुलूप नको, पावती नको, फक्त एका वहीत मुलाने स्वतःच्या हाताने नाव लिहावे. पुस्तके फाटतील, एखादे परत येणार नाही. येऊ नये, ते कुठल्या तरी घरात वाचले जाईल. फाटलेली पुस्तके चिकटवायचे काम माझ्याकडे द्या, खळ आणि सुईदोरा मी आणीन. पहिली दहा पुस्तके माझ्या चादरीवरून आज देऊन जातो. अकरावे कोण देणार, ते सभा संपल्यावर मला येऊन सांगा.

एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो. जयभीम! नमो बुद्धाय!