खाण बंद झाली, गाव उरलं

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, डरहॅम परगण्यात, ईझिंग्टन कोलियरी नावाचं गाव आहे. गावाच्या नावातच खाण. १८९९ साली तिथे समुद्राकाठी शाफ्ट खोदायला सुरुवात झाली. पाण्याने भरलेल्या थरांमुळे काम रखडलं आणि कोळसा वर यायला १९१० साल उजाडलं. कोळशाचे थर पार समुद्राखाली गेलेले. खाणीबरोबर विटांच्या चाळी उभ्या राहिल्या. घर खाणीचं, चुलीतला कोळसाही खाणीचा. त्यामुळे नवरा खाणीत मेला की बाईपुढे दोन प्रश्न उभे राहत : पोरांना घालू काय आणि राहू कुठे?

अशा गावाचा इतिहास पुरुषांचा म्हणूनच सांगतात. डरहॅमच्या खाणीत बायका उतरत नव्हत्या हे खरं. १८४२ च्या कायद्याने तर ब्रिटनभर बायकांना जमिनीखालच्या कामाची बंदी झाली. मग बायका काय करत होत्या? नवरा एका पाळीला, मुलगे दुसऱ्या-तिसऱ्या. प्रत्येकाचा डबा, प्रत्येकाचं काळंकुट्ट अंग धुवायला पाणी, ओले कपडे विस्तवापाशी वाळवणं. खाणीच्या पाळ्या संपत, बाईची पाळी संपत नसे. खाणकामगार दुसऱ्या दिवशी कामावर उभा राहायचा तो या श्रमांच्या जोरावर. मालकाच्या हिशेबवहीत त्यांची नोंद नव्हती.

ही नोंद करायला लावली ती बायकांनीच. १९१९ साली कोळसा उद्योगाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सँकी आयोगापुढे खाणकामगारांच्या घरच्या तीन बायकांनी साक्ष दिली. वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यातल्या एलिझाबेथ अँड्र्यूज त्यांतल्या एक. पाण्याची जड भांडी उचलून गर्भपात होतात, उकळत्या पाण्याने मुलं भाजतात. तेव्हा न्हाणीघरं खाणीवरच बांधा, ही त्यांची मागणी. १९२६ च्या कायद्याने त्यासाठी कोळशाच्या रॉयल्टीवर पट्टी बसवली. घरात पाणी कोण तापवतं, हा उद्योगाचा प्रश्न ठरला.

१९४७ साली खाणी सरकारी झाल्या. मालक बदलला, पण धोका तोच राहिला. २९ मे १९५१ च्या पहाटे ईझिंग्टनमध्ये कोळसा कापणाऱ्या यंत्राच्या ठिणग्यांनी वायू पेटला. ८१ कामगार आणि बचाव पथकातले दोघे, असे ८३ जण गेले. डरहॅमच्या खाणकामगारांचा १८७१ पासून चालत आलेला मेळावा दर जुलैत भरतो. गावोगावचे फलक बँडच्या तालावर मिरवत येतात. ज्या खाणीत त्या वर्षी मरण झालं, तिच्या फलकाला काळं कापड बांधायचं, अशी रीत. दुःख एकट्या घराचं राहत नसे.

मार्च १९८४ ला खाणी बंद करण्याविरुद्ध देशव्यापी संप सुरू झाला. तो वर्षभर चालला. ऑगस्टमध्ये ईझिंग्टन पोलिसांनी भरून गेलं. बायकांनी गावात सामुदायिक स्वयंपाकघर चालवलं. तुम्ही म्हणाल, पुन्हा स्वयंपाकच! खरं आहे. पण घरात दिसत नसलेलं काम सभागृहात आलं आणि त्याच्यावर संप उभा आहे हे सगळ्यांना दिसलं. बायका पहाऱ्यावर गेल्या, निधी गोळा केला, आयुष्यात प्रथमच माइकपुढे बोलल्या. ११ ऑगस्टला लंडनमध्ये हजारो बायकांचा मोर्चा निघाला. मार्च १९८५ ला कोणत्याही कराराविना संप संपला. कामगार हरले, पण या बायका मुकाट्याने पूर्वीसारख्या घरी बसल्या नाहीत. ऑक्टोबर १९९२ मध्ये सरकारने ३१ खाणी बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा शेजारच्या सीहॅमसह अनेक ठिकाणी बायकांनी खाणीच्या दारात ठिय्या दिला.

७ मे १९९३ ला ईझिंग्टनची खाण बंद झाली. सुमारे १४०० नोकऱ्या गेल्या. भरपाई मिळाली ती हजेरीपटावर नाव असलेल्यांना. बायकांचं नाव कोणत्या पटावर होतं? काम मिळालं तेही बहुधा अर्धवेळ आणि तुटपुंज्या पगाराचं. पुढे किनाऱ्यावरचा खाणीचा काळा कचरा मोठा खर्च करून काढला. समुद्र स्वच्छ झाला, पण रोजगार परतला नाही.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. इथे बायका जमिनीखाली कोळसा काढत होत्या. १९२९ च्या नियमांनी त्यांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढलं. युद्धासाठी हात हवे होते म्हणून १९४३ मध्ये बंदी उठवली आणि १९४६ मध्ये पुन्हा लादली. २०१९ मध्ये लेखी संमतीच्या अटीवर दार पुन्हा उघडलं. गरज लागली की बोलवायचं, सरली की काढायचं. काढताना दुसरं काम कोणतं देणार, हे बंदी घालणाऱ्यांनी सांगायला हवं होतं.

चंद्रपूर, वणी भागात कोळशावर जगणारी गावं आहेत. त्या खाणीही कधीतरी संपणार. तेव्हा नोकरी कोणाची गेली एवढंच विचारून भागणार नाही. खानावळ चालवणारी, कोळसा वेचणारी, पाणी भरणारी, खाणीसाठी जमीन गेलेली पण सातबाऱ्यावर नाव नसलेली, या सगळ्यांची यादी आपल्या गटांनी आजच करायला घ्यावी. खाणीला कुलूप लागल्यावर ती करत बसलो तर फार उशीर झालेला असेल.