पाचवीचे वर्ष आणि नवोदयची परीक्षा

(अणशी, तालुका जोयडा, येथील पालक-शिक्षक मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवासी विद्यालयांतील प्रवेश हा आजचा विषय मोठा आहे. मी त्यातील एकाच गोष्टीचा आग्रह धरणार आहे. पाचवीत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाचा आणि मुलीचा अर्ज नवोदय विद्यालयाच्या निवड परीक्षेस गेला पाहिजे, आणि तो पाठविण्याचे काम पालकांच्या माहितीवर न सोडता शाळेने आपल्याकडे घेतले पाहिजे.

खेड्यातील हुशार मुलास केवळ पैशाअभावी चांगले शिक्षण नाकारले जाऊ नये, या हेतूने १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात या विद्यालयांचा अंतर्भाव झाला. त्याच्या आदल्या वर्षी हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे पहिली दोन विद्यालये प्रयोगादाखल निघाली होती. आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्याचे विद्यालय मुंडगोड येथे आहे. सहावीत जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांच्या आणि एकतृतीयांश जागा मुलींच्या असतात. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके यांचा खर्च पालकांवर पडत नाही.

नियमाने दार उघडे आहे. तरी अणशीच्या मुलाला त्या दारापर्यंत पोहोचणे कठीण जाते, आणि त्याची कारणे बुद्धीत नाहीत.

पहिले कारण पाऊस. गेली काही वर्षे अर्ज भरण्याची मुदत जून ते सप्टेंबर या महिन्यांतच आलेली आहे. या दिवसांत आपल्याकडे काय स्थिती असते ते मी सांगावे असे नाही. घाटात दरड येते, वीज जाते, मोबाइलला संपर्क मिळत नाही. अर्ज मात्र संगणकावरूनच भरावयाचा असतो. त्यास शुल्क नाही. परंतु मुख्याध्यापकांच्या सहीचे, विद्यार्थ्याच्या छायाचित्राचे प्रमाणपत्र जोडावे लागते. शहरातील पालक हे काम अर्ध्या तासात उरकतो. येथील पालकाचा एक दिवस आणि एक दिवसाची मजुरी जाते, आणि तेही त्यास मुदतीची वार्ता वेळेवर कळली तर.

दुसरे असे की, ही परीक्षा मुलास एकदाच देता येते. पाचवीचे वर्ष गेले की सहावीचा प्रवेश गेला. पुढे नववीत रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते, पण त्या जागा थोड्या. माझ्या स्वतःच्या बालपणी परीक्षेचे पत्रक आमच्या शाळेत आले होते. ते कपाटात राहिले आणि मुदतीनंतर सापडले. त्याबद्दल कोणास दोष देण्याचा माझा विचार नाही. मात्र तेव्हापासून कपाटातील पत्रकांवर माझा विश्वास उरलेला नाही, हे खरे.

आता एक नियम फार लक्ष देऊन ऐकावा, कारण चांगल्या हेतूने त्यात चूक होते. ग्रामीण जागेसाठी मुलाचे तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही पूर्ण वर्षे ग्रामीण भागातील शाळेत गेलेली असावी लागतात. यातील एक दिवस जरी तो शहरातील शाळेच्या पटावर असला तरी त्याची गणना शहरी मुलांत होते. म्हणजे चांगली शाळा मिळावी म्हणून चौथीतल्या मुलाला कोणी दांडेलीस किंवा कारवारला मामाच्या घरी ठेवले, तर त्याचा ग्रामीण हक्क तेथेच संपला. गोव्यातील नातेवाइकांकडे पाचवीसाठी पाठविले, तर आपल्या जिल्ह्यातून अर्जच करता येत नाही. मूल ज्या जिल्ह्यात राहते आणि शिकते तेथूनच तो करावा लागतो.

ग्रामीण जागेस जातीचा दाखला लागत नाही, हेही स्पष्ट करतो. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग यांच्या राखीव जागांसाठी तो लागतो. गोव्यातील कुणबी, गावडा व वेळीप यांचा २००३ साली अनुसूचित जमातींत समावेश झाला. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातील सिद्दी बांधवांचाही झाला. जोयड्याच्या कुणबी समाजाची तशी मागणी जुनी आहे. तिचा निर्णय या व्यासपीठावर होणार नाही; पण त्या निर्णयाची वाट पाहत कोणी मुलाचा अर्ज अडवून ठेवू नये.

परीक्षेविषयी शिक्षकांना थोडे सांगतो. दोन तासांत ८० प्रश्न, गुण १००. त्यांपैकी ४० प्रश्न आणि निम्मे गुण बुद्धिमापनाचे असतात. हे प्रश्न आकृत्यांचे आहेत: पुढची आकृती कोणती, वेगळी कोणती, अपुरी पूर्ण कशी करावी. त्यांना भाषा जवळजवळ लागत नाही. टोपलीच्या विणीत पुढचा पट्टा कोठून जाईल हे पाहून ओळखणाऱ्या मुलास या आकृत्या अवघड नाहीत. त्या त्याने परीक्षेपूर्वी कधी कागदावर पाहिलेल्या नसतात, एवढीच अडचण. उरलेले गुण गणित आणि भाषा यांचे, प्रत्येकी २५. चुकलेल्या उत्तरास गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नये. वर्तुळ काळे करून उत्तर नोंदविण्याचा सराव वर्गात जरूर करवून घ्यावा.

भाषेच्या निवडीत भावना आणू नये. मी आपल्याशी मराठीत बोलत आहे, आपल्या घरांतून कोकणी-मराठी बोलली जाते. पण मूल ज्या भाषेत धडा वाचते तीच भाषा अर्जात लिहावी. शाळा कन्नड असेल तर कन्नड.

अमेरिकेतील एक अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. फ्लोरिडा राज्यातील ब्रॉवर्ड या मोठ्या शैक्षणिक जिल्ह्यात विशेष बुद्धिमान मुलांचे वर्ग होते आणि त्यांत मुले पालकांच्या वा शिक्षकांच्या शिफारशीने येत. २००५ पासून तेथे दुसरीतील सर्वच मुलांची चाचणी घेतली जाऊ लागली. कार्ड आणि ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला. तेव्हा या वर्गांस पात्र ठरणाऱ्या गरीब, कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषक कुटुंबांतील मुलांची संख्या पुष्कळ वाढल्याचे दिसून आले. मुले पूर्वीचीच होती. त्यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते. पुढे पैशाच्या टंचाईमुळे ती व्यवस्था मोडली, तशी स्थिती पुन्हा मागे गेली.

काही शिक्षक मला विचारतात, गावातील चार हुशार मुले निघून गेल्यावर आमच्या वर्गात काय उरेल? ही शंका मी हसण्यावारी नेणार नाही. पण एका जिल्ह्यास ८० जागा. अणशीचे एखादे मूल निवडले गेले तरी बाकीची येथेच राहणार, आणि झालेला सराव त्यांच्याच उपयोगी पडणार. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी व अनुदानित शाळांतील, ज्यांच्या पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे अशा मुलांसाठी ती आहे. नववी ते बारावी वर्षास १२,००० रुपये मिळतात, आणि मूल घरीच राहते.

मातांनी विचारले आहे की, अकरा वर्षांच्या मुलीला शंभराहून अधिक किलोमीटरवर कशी ठेवावी. माझ्याजवळ याचे सोपे उत्तर नाही. नववीत काही मुलांना एक वर्ष परराज्यातील विद्यालयात पाठवितात, हेही आधीच जाणून असावे. मात्र परीक्षा देणे म्हणजे मुलीला पाठविणे नव्हे. निवड झाल्यावर विद्यालय पाहून यावे, तेथील मुलींशी बोलावे, आणि मग घरात बसून ठरवावे. नाही म्हणण्याचा अधिकार तोवर आपल्याच हाती असतो.

सभा संपल्यावर पाचवीच्या मुलांच्या पालकांनी कृपया थांबावे. शाळेच्या दाखल्यावरील आणि आधार कार्डावरील नाव व जन्मतारीख जुळते की नाही, ते आजच पाहू. जेथे जुळत नसेल तेथे दुरुस्तीसाठी पावसाळ्यापूर्वीच जोयड्यास जाऊन यावे.